राखीगढीच्या अस्थी आणि शुद्ध रक्ताचे थोतांड

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे भरलेल्या एका वैदिक संमेलनात केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा उत्क्रांतिवाद शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे जाहीर केले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणीही पाहिले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता; सबब शाळा-महाविद्यालयांतील अभ्यासक्रम बदलावा, अशी त्यांची मागणी होती. मुंबईचे पोलीस आयुक्तपद भूषविलेल्या गृहस्थांनी प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराखेरीज दुसरा पुरावाच मानू नये, यातील विनोद बाजूस ठेवू. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्यांचे म्हणणे खोडून काढले, आणि सुशिक्षित वर्गाने हसून तो विषय सोडून दिला.

हसणारे चुकले. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाच्या जागी नुसते ‘आनुवंशिकता’ एवढेच उरले. महामारीच्या काळात ओझे कमी करण्याच्या निमित्ताने केलेली काटछाट कायम करण्यात आली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी जाहीर पत्र काढून तिचा निषेध केला. त्यावर मिळालेले उत्तर असे की, हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहेच. पण दहावीनंतर शाळा सुटते ती कोणाची? कामगाराच्या, शेतमजुराच्या, छोट्या शेतकऱ्याच्या मुलाची. जीवशास्त्राकडे न जाणाऱ्या बहुसंख्य मुलांना आता हा विषय शाळेत कधीच भेटणार नाही. ज्ञानाची वर्गवार वाटणी यापेक्षा अधिक उघडपणे कशी करता येईल?

यानंतर वर्षभरातच, २०२४ मध्ये, याच संस्थेच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात फेरफार झाले. हरियाणातील राखीगढी येथील प्राचीन अस्थींच्या जनुकीय तपासणीचा हवाला देऊन, पाच हजार वर्षांचे अखंड सातत्य सिद्ध झाले आणि आर्यांचे आगमन निकालात निघाले, असे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविण्याची व्यवस्था करण्यात आली. म्हणजे एका हाताने उत्क्रांती पुस्तकाबाहेर काढावयाची, आणि दुसऱ्या हाताने त्याच शास्त्राचा शिक्का आपल्या पुराणकथेवर उमटवून घ्यावयाचा! या दोन कृती परस्परविरोधी भासतात. वस्तुतः त्यांचे राजकारण एकच आहे. लोकसमूह बदलतात, मिसळतात, घडतात, हे ज्याला कळले त्याला शुद्ध रक्ताची कथा विकता येत नाही. म्हणूनच ते कळू द्यावयाचे नाही.

लखनौची संस्था आणि पुण्याचे उत्खनन

राखीगढीचे संशोधन ज्या संस्थांच्या सहकार्यातून झाले, त्यांपैकी एक लखनौची बिरबल साहनी संस्था होय. वनस्पतींच्या अश्मीभूत अवशेषांचे जगविख्यात अभ्यासक प्रा. बिरबल साहनी यांनी ती १९४६ मध्ये स्थापिली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या इमारतीची कोनशिला बसली आणि पुरत्या आठवड्याच्या आतच साहनींचे निधन झाले. पुढील कार्याचा भार सावित्री साहनी यांनी वाहिला. पृथ्वीवरील जीवसृष्टीला कोट्यवधी वर्षांचा इतिहास आहे, तो दगडात लिहिलेला आहे आणि तो वाचता येतो, हा विश्वास या संस्थेच्या पायात आहे. उत्क्रांती वजा केली तर या संस्थेत उरेल ते केवळ दगडांचे कोठार. आज तेथे प्राचीन जनुकद्रव्याचाही अभ्यास चालतो, आणि तेथील नीरज राय हे राखीगढीच्या संशोधनाचे एक लेखक आहेत. उत्खननाचे नेतृत्व पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी केले. हैदराबाद आणि हार्वर्ड येथील शास्त्रज्ञही सोबत होते.

राखीगढीच्या दफनभूमीतील साठाहून अधिक नमुने तपासण्यात आले. उष्ण हवामानात जनुकद्रव्य टिकत नाही. त्यामुळे त्यांतून केवळ एका स्त्रीचा, तोही अपुरा, जनुकसंच हाती लागला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीच्या भरभराटीच्या काळात ही स्त्री जगली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तिच्या वंशपरंपरेत दोन प्रवाह मिसळलेले होते: एक प्राचीन इराणी समूहांशी नाते सांगणारा, परंतु तेथे शेती सुरू होण्यापूर्वीच त्यांच्यापासून वेगळा झालेला, दुसरा दक्षिण आशियातील आद्य शिकारी-संकलकांचा. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश मात्र तिच्यात नव्हता.

एवढे कळताच दिल्लीतील पत्रकार परिषदेत आर्यांच्या आगमनाचा सिद्धांत मोडीत निघाल्याचे सांगण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी तसे मथळे दिले. परंतु त्याच सुमारास प्रसिद्ध झालेला दुसरा प्रबंध काय म्हणतो? पाचशे तेवीस प्राचीन व्यक्तींच्या जनुकद्रव्यावर आधारलेल्या त्या प्रबंधाच्या लेखकांतही शिंदे व राय यांची नावे आहेत. त्यात म्हटले आहे की, इसवी सनापूर्वी सुमारे २००० ते १५०० या काळात गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा प्रवाह दक्षिण आशियात आला. आजच्या बहुसंख्य भारतीय समूहांत तो कमीअधिक प्रमाणात आहे, आणि उत्तरेतील काही पुरोहितवर्गीय समूहांत तो अपेक्षेपेक्षा अधिक आहे.

आता कोणाही सरळ बुद्धीच्या वाचकाने विचार करावा. जो अंश साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या स्त्रीत नाही, आणि आज कोट्यवधी भारतीयांत आहे, तो मधल्या काळात कोठून तरी आलाच असला पाहिजे. राखीगढीच्या स्त्रीत तो नाही, हाच त्याच्या नंतरच्या आगमनाचा पुरावा ठरतो! जे विधान स्थलांतराला पुष्टी देते, तेच स्थलांतराचे खंडन म्हणून शाळकरी मुलांच्या हाती देण्यात आले. ही साधी चूक नव्हे. हा पुराव्यावर घातलेला दरोडा आहे.

हेही येथे नमूद केले पाहिजे की, रथावर स्वार होऊन नगरे जाळणाऱ्या आर्य वंशाची साम्राज्यकालीन कथाही या संशोधनातून सिद्ध होत नाही. जनुकांना भाषा नसते, धर्म नसतो. हाडांत सापडते ते लोकांच्या हालचालींचे व संकराचे चिन्ह. भाषेचा निर्णय भाषाशास्त्राने आणि संस्कृतीचा निर्णय पुरातत्त्वाने करावयाचा असतो. ‘आर्य’ नावाचा वंश कधीच नव्हता, तसा ‘द्रविड’ नावाचा वंशही नव्हता.

बोंडअळीला पाठ्यपुस्तक लागत नाही

उत्क्रांती म्हणजे माकडाने शेपूट टाकून देणे, अशी समजूत पसरविणाऱ्यांना तिचा गाभाच चुकवावयाचा असतो. उत्क्रांत होतो तो समूह. एकटा जीव नव्हे. समूहातील व्यक्ती एकमेकींहून जन्मतःच थोड्या भिन्न असतात. हे भेद जनुकांतील आकस्मिक बदलांतून आणि त्यांच्या फेरजुळणीतून उद्भवतात. विशिष्ट परिस्थितीत ज्यांचे भेद उपयोगी पडतात त्यांची संतती अधिक टिकते, आणि पिढ्यांगणिक समूहाचे स्वरूप पालटते. भेद नसतील तर निवडीला वावच नाही. वैविध्य हे समूहाचे खरे भांडवल होय.

विदर्भातील कापूस उत्पादकाने हे सारे आपल्या शेतात पाहिले आहे, जरी त्याला त्याचे नाव कोणी सांगितले नसले तरी. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. गुलाबी बोंडअळीच्या प्रचंड संख्येत त्याचे विष पचविणाऱ्या मोजक्या अळ्या आधीपासूनच असतात. अळी काही शिकत नाही की सवयही करून घेत नाही. विषाने बाकीच्या मरतात, या उरतात, आणि पुढची पिढी त्यांची असते. म्हणूनच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम साधे, बिगर-बीटी बियाणे दिले जाई. त्याच्या कडेच्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांशी प्रतिकारक्षम पतंगांचा संकर व्हावा आणि प्रतिकाराचा गुण विरळ राहावा, ही त्यामागची योजना होती. ही योजना शुद्ध डार्विन आहे!

परंतु ती शेतकऱ्याला समजावून सांगितली कोणी? दोन-चार एकरांच्या कर्जबाजारी धन्याला अळीसाठी ओळी राखून ठेवणे परवडावे कसे? कंपन्यांना पिशव्या खपवावयाच्या होत्या, कृषी खात्याची विस्तारयंत्रणा मोडकळीस आणलेली होती, आणि उशिरापर्यंत उभा राहणारा संकरित कापूस अळीला महिनोन्‌महिने अन्न पुरवीत होता. २०१० मध्ये गुजरातेतील प्रतिकारक्षम बोंडअळीची कबुली खुद्द बियाणे कंपनीने दिली. पुढे दोन जनुकांचे बियाणेही निष्प्रभ झाले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाचा कापूस बोंडअळीने पोखरून काढला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. उत्क्रांती मंत्र्यांच्या परवानगीसाठी थांबत नाही. तिच्या अज्ञानाची किंमत मात्र मंत्री भरीत नाहीत.

लखनौच्याच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये एका नेच्यातील प्रथिनाच्या आधारे पांढऱ्या माशीला दाद न देणारा कापूस घडविल्याचे प्रसिद्ध केले. सार्वजनिक संस्थेतील हे कार्य अभिमानास्पद आहे. परंतु पांढरी माशीही समूहानेच जगते. नैसर्गिक निवड न शिकलेल्या पिढीच्या हाती हे बियाणे पडले आणि त्याचा व्यवहार बाजारावर सोपविला, तर बोंडअळीचाच इतिहास पुन्हा घडेल.

हाच नियम माणसालाही लागू आहे. विदर्भातील आदिवासी व दलित समाजांत, तसेच नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार आढळतो. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत एकच घटक बदललेला असतो. हा बदल आईबाप दोघांकडून आला तर जिवावर बेततो. एकाकडूनच आला तर हिवतापाच्या घातक प्रकारापासून संरक्षण मिळते. ज्या प्रदेशांत हिवतापाने शतकानुशतके बळी घेतले, तेथे हा बदल टिकून राहिला. तेव्हा सिकलसेल हे कोणत्याही जातीच्या रक्तातील न्यून नव्हे. हिवतापाशी झालेल्या दीर्घ झुंजीचा तो व्रण आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी, ज्या वर्षी दहावीतून उत्क्रांती काढली त्याच वर्षी, मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ केला. हा आजार आपल्यात का आहे, हे त्या आदिवासी मुलाला सांगण्याची सोय मात्र शाळेत ठेवली नाही. कारण कळले नाही की आजाराचे पाप होते, आणि पापाचा दोष नेहमी दुबळ्याच्याच माथी बसतो.

शुद्धता कोठे आहे?

आता शुद्धतेच्या दाव्याकडे वळू. प्रौढपणीही दूध पचविता यावे यासाठी आवश्यक असलेला जनुकीय बदल उत्तर व पश्चिम भारतात बराच आढळतो, दक्षिण-पूर्वेकडे कमी होत जातो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले की, भारतात प्रामुख्याने आढळणारा हा बदल आणि युरोपातील बदल एकच आहे, आणि तो एकाच उगमापासून आलेला आहे. गोरक्षणाच्या नावाने गरीब मुसलमानाला झोडपणाऱ्या टोळीतील ज्या वीराला पेलाभर दूध पचते, त्याच्या पचनशक्तीलाही बहुधा परदेशी नातेवाईक आहेत!

जनुकशास्त्राने आणखी एक गोष्ट दाखविली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील निरनिराळ्या लोकसमूहांचा व्यापक संकर झाला. भिल्लांसारखे, आज अलग मानले जाणारे समूहही त्यातून सुटले नाहीत. नंतर ही सरमिसळ थांबली. कल्याणी येथील जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखविले की, उच्चवर्णीय समूहांत हा बंद दरवाजा सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपास, लागला. जात अनादि आहे, ईश्वरनिर्मित आहे, या दाव्याला येथे तारीखच मिळाली. आधी सारे मिसळले. मग सत्ताधारी वर्गाने भिंती उभारल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, जातीचे मर्म सजातीय विवाहाच्या बंधनात आहे असे प्रतिपादिले होते. जनुकांची भाषा कोणालाही वाचता येत नव्हती तेव्हाचे हे विधान आहे. आज प्रतिगामी गोटातून बाबासाहेबांचा हवाला दिला जातो तो एवढ्याचसाठी, की त्यांनी आर्य आक्रमणाचा सिद्धांत नाकारला. होय, नाकारला, १९४६ च्या ग्रंथात, वैदिक वाङ्मयाच्या आधारे. परंतु तो नाकारण्यामागील त्यांचा हेतू जात वंशावर आधारलेली नाही हे दाखविण्याचा होता. ज्यांना जात टिकवावयाची आहे त्यांनी त्यांच्या नावाचा आडोसा घेऊ नये.

आणि जातीने ‘शुद्ध’ राखलेल्या रक्ताचे फळ काय? लहानशा वर्तुळातच पिढ्यान्‌पिढ्या विवाह होत राहिले की दडलेले घातक बदल दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता वाढते. आंध्रातील वैश्य समाजात भूल देताना वापरावयाच्या एका औषधाबाबत डॉक्टरांना विशेष सावधगिरी बाळगावी लागते, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. शुद्धतेचा सौदा शरीराला महाग पडतो.

मूळस्थानाच्या प्रश्नावर या मंडळींच्या पूर्वसूरींनी केलेल्या कसरतीही विसरता कामा नये. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या ग्रंथात आर्यांचे मूळस्थान उत्तर ध्रुवप्रदेशात ठरविले. गोळवलकर गुरुजींना टिळकही सोडवेनात आणि परकेपणाही परवडेना. त्यांनी १९३९ मध्ये तोड काढली: आर्य आले नाहीत, प्राचीन काळी उत्तर ध्रुवच आजच्या बिहार-ओरिसात होता! पुरावा निष्कर्षाला जुळत नसेल तर पृथ्वी फिरवावी, ही या संप्रदायाची जुनी रीत आहे. राखीगढीत तेच घडले. सारे आटापिटे एकाच हेतूने चाललेले आहेत: आपल्याखेरीज दुसरा कोणी तरी ‘बाहेरचा’ ठरावा. हजारो वर्षांच्या स्थलांतरांतून घडलेल्या देशात एकट्या मुसलमानाला परका ठरवावयाचे असेल, तर आधीची सारी आगमने पुसून टाकावीच लागतात.

डेक्कन कॉलेजला याहून वेगळी परंपरा आहे. तेथे समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांची दीर्घकाळ उपासना करणाऱ्या इरावती कर्वे विसाच्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करीत होत्या. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध असावा, असे फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असे लिहून दिले. फिशर पुढे नाझी राजवटीच्या सेवेत रुजू झाले. परक्या शहरात, परीक्षकाच्या मनाविरुद्ध, मोजमापाशी प्रामाणिक राहिलेल्या या स्त्रीचे स्मरण राखीगढीवर बोलणाऱ्यांनी ठेवावयास हवे होते.

आपल्या घरातील धडा

मते लादून विज्ञान वाकविण्याचा दोष केवळ प्रतिगाम्यांनाच चिकटलेला नाही, हे कबूल करण्यास आपण कचरता कामा नये. डार्विनचा ग्रंथ वाचून मार्क्सने त्यात आपल्या इतिहासदृष्टीचा निसर्गातील आधार पाहिला, ‘भांडवल’ची प्रत त्याला पाठविली; आणि बाजारातील झुंज निसर्गावर व निसर्गातील झुंज पुन्हा समाजावर लादणाऱ्यांचा समाचारही घेतला. एंगल्सने वानरापासून मानव घडण्यात श्रमाची भूमिका दाखवून दिली. असे असूनही समाजवादी सोव्हिएत संघात, ऑगस्ट १९४८ मध्ये, जनुकशास्त्र ‘भांडवलदारी’ ठरवून लायसेन्कोचे मत अधिकृत करण्यात आले. जगभरच्या पिकांचे वाण जमविणारा थोर शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह त्यापूर्वीच, जानेवारी १९४३ मध्ये, सारातोव्हच्या तुरुंगात मृत्यू पावला होता. या प्रकरणाने समाजवादी शेतीचे, विज्ञानाचे आणि चळवळीच्या नैतिक प्रतिष्ठेचे भयंकर नुकसान केले. लोकसमूहांच्या जनुकशास्त्राचा एक संस्थापक जे. बी. एस. हाल्डेन कम्युनिस्ट होता. तोही या सुमारास ब्रिटिश पक्षापासून दुरावला. १९५७ मध्ये तो भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तला. हिवताप आणि रक्तविकार यांच्यातील नाते त्यानेच १९४९ मध्ये सुचविले होते.

हा धडा आम्ही सांगतो तो आत्मताडनासाठी नव्हे. निसर्गाचे नियम ठरावाने बदलत नाहीत, मग ठराव कोणत्याही झेंड्याखाली होवो. ज्यांनी ही किंमत मोजली आहे, त्यांनाच आज दिल्लीच्या राज्यकर्त्यांना बजावण्याचा अधिकार पोहोचतो.

कर्तव्य

तेव्हा काय करावयाचे? पहिली मागणी स्पष्ट आहे: उत्क्रांतीचा पाठ दहावीपर्यंतच्या सर्व मुलांना सक्तीने शिकविला गेला पाहिजे आणि इतिहासाच्या पुस्तकात राखीगढीचा वृत्तांत दोन्ही प्रबंधांसह, संपूर्ण, आला पाहिजे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाने पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांतीचा दिला होता. त्याला हात लावण्याचा कोणताही प्रयत्न शिक्षक व विद्यार्थी संघटनांनी हाणून पाडला पाहिजे. दुसरी मागणी: लखनौच्या संस्थांसारख्या सार्वजनिक संशोधनसंस्थांना पुरेसा निधी आणि निर्भय वातावरण मिळावे; निष्कर्ष आधी आणि पुरावा मागाहून, असा दबाव त्यांच्यावर नसावा.

तिसरे काम मागणीचे नाही, आपलेच आहे. किसान सभेच्या शाखेत बोंडअळीवर बोलताना नैसर्गिक निवड समजावून सांगता येते. आदिवासी पाड्यावर सिकलसेलच्या तपासणीला गेलेल्या कार्यकर्त्याला जातीच्या रक्ताची भाकडकथा तेथेच मोडता येते. आंतरजातीय विवाहाच्या बाजूने उभे राहताना सत्तर पिढ्यांपूर्वी लागलेल्या दरवाजाचा इतिहास सांगता येतो. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि कॉ. गोविंद पानसरे यांना हे काम केल्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. यावरून ते किती निकडीचे आहे हे उमजावे.

राखीगढीची ती स्त्री कोणती भाषा बोलत होती, कोणाची पूजा करीत होती, हे तिच्या हाडांनी सांगितलेले नाही. तिने एवढेच सांगितले की ती स्वतः दोन प्रवाहांच्या संगमातून जन्मली होती, आणि तिच्यानंतर तिसरा प्रवाह येऊन मिळाला. तिच्या नावाने शुद्धतेचा डंका पिटणाऱ्यांना तिच्याच साक्षीने उघडे पाडणे, हे आजच्या विचारलढ्यातील आपले कर्तव्य आहे.